बॅटरीचा एक स्पर्श

पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीचा डिझेल जनरेटर एकदा कितीतरी महिने न वापरता पडून होता. मग एका संध्याकाळी वीज गेली आणि वॉचमनने तो सुरू केला. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, नेहमीसारखं धडधडू लागलं, पण जिन्यातले दिवे काही लागेनात. पॅनेलवरचा व्होल्टेजचा काटा शून्याजवळच बसून होता. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने इंजिनाला हातही लावला नाही. "इंजिन ठणठणीत आहे काका," तो म्हणाला, "अल्टरनेटरचं रेसिड्युअल गेलंय. फ्लॅशिंग करावं लागेल." मशीन फिरत ठेवून त्याने बारा व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी फील्डच्या टर्मिनलला दोन सेकंद टेकवल्या आणि काढून घेतल्या. काटा थरथरला, वर सरकू लागला आणि ठरलेल्या जागी जाऊन थांबला. बॅटरी तोवर परत पिशवीत गेली होती.

विश्वातलं चुंबकत्व कुठून आलं, या प्रश्नाचं आज माहीत असलेलं निम्मं उत्तर त्या दोन सेकंदांत आहे. म्हणून आधी हा जनरेटर नीट समजून घेऊ.

तांब्याची तार चुंबकीय क्षेत्रातून हलवली की तिच्यात वीज निर्माण होते, हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. पण मोठ्या जनरेटरमध्ये कायमचा चुंबक नसतो. तिथे चुंबकही तारेच्या वेटोळ्यांचाच केलेला असतो आणि त्या वेटोळ्यांना लागणारी वीज तेच मशीन पुरवतं. म्हणजे वीज हवी तर चुंबक हवा आणि चुंबक हवा तर वीज हवी. ही कोंडी फोडते ती लोखंडात मागच्या वेळची उरलेली किंचितशी चुंबकीय ओढ. तिलाच मेकॅनिक रेसिड्युअल म्हणतो. त्या ओढीतून थोडी वीज येते, त्या विजेने चुंबक थोडा जोरदार होतो, जोरदार चुंबकातून आणखी वीज येते आणि असं चक्र चढत जातं. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी ही युक्ती जानेवारी १८६७ मध्ये बर्लिनमध्ये मांडली आणि 'डायनामो' हा शब्द तिथूनच रुळला. रेसिड्युअल पूर्ण गेलेलं असेल, तर इंजिन वर्षभर फिरवलं तरी शून्याचं शून्यच राहतं. तेव्हा बाहेरून एक स्पर्श द्यावा लागतो. चाकणच्या रस्त्यावरून सकाळच्या शिफ्टला जाणाऱ्या बसमधल्या कितीतरी जणांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल, कारण मोटारी, अल्टरनेटर आणि चुंबक हे या पट्ट्याचं रोजचं काम आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा इथल्या वाहनउद्योगाची झोप उडाली होती. चुंबक नसला तर काय काय अडतं, हे आपण तेव्हा पाहिलं.

आता नजर वर नेऊ. चुंबकीय क्षेत्र गॉस या एककात मोजतात. पुण्यात जमिनीवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.४ गॉस आहे. फ्रिजच्या दारावर चिकटवायच्या चुंबकाचं त्याच्या शंभरपटीहून जास्त असतं. सूर्यावरच्या डागांत सुमारे ३,००० गॉस असतात. जॉर्ज एलरी हेल यांनी ते १९०८ मध्ये शोधलं आणि पृथ्वीबाहेर चुंबकत्व सापडण्याची ती पहिलीच वेळ होती. न्यूट्रॉन ताऱ्यांवर एकावर बारा शून्ये इतके गॉस असू शकतात. आणि या सगळ्यांच्या मधली, तारे नसलेली जी जागा आपल्याला रिकामी वाटते, तिथेही क्षेत्र आहे. आपल्या आकाशगंगेत ते काही मायक्रोगॉस, म्हणजे गॉसच्या दहा लाखाव्या भागाच्या काही पट आहे. आकडा फारच लहान वाटतो. पण ते हजारो प्रकाशवर्षांवर पसरलेलं आहे आणि त्यात साठलेली ऊर्जा तिथल्या वायूच्या खळबळीतल्या ऊर्जेच्या तोडीची आहे. वायूचा ढग आकसून त्याचा तारा होताना हे क्षेत्र त्याला अडवतं, वळवतं. त्याला बाजूला ठेवून ताऱ्यांचा जन्म समजावून सांगता येत नाही.

यातलं काहीही लोहचुंबकासारखं नाही, हे आधी मनात पक्कं करायला हवं. लोखंड ७७० अंश सेल्सियसच्या वर तापलं की त्याचं चुंबकत्व निघून जातं. पृथ्वीच्या गाभ्यात लोखंड भरपूर आहे, पण तिथलं तापमान त्याच्या कितीतरी पट आहे. सूर्य तर तप्त वायूचाच आहे, आणि आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांत ताऱ्यांच्या मधेही विरळ वायूच आहे. तेव्हा ही सगळी क्षेत्रं विजेच्या प्रवाहांनी टिकवलेली आहेत, आणि प्रवाह म्हटला की तो कोण चालवतं हा प्रश्न आलाच.

इतक्या दूरचं आणि इतकं दुबळं क्षेत्र मोजतात तरी कसं? त्याचा एक मार्ग आपल्या गावावरूनच जातो. पिंपळे सौदागरहून नाशिक फाटा गाठायचा, भोसरी, मोशी, चाकण मागे टाकायचं, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला पोहोचायचं आणि उजवीकडे खोडदला वळायचं. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं केंद्र, एनसीआरए, चालवतं. शहराच्या रेडिओ गोंगाटापासून दूर म्हणून तिला जुन्नर तालुक्यात जागा मिळाली. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेची चुंबकीय मापनं १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली होती. दुबळी गोष्ट ऐकायची तर आधी शांतता शोधावी लागते.

वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती मळसूत्रासारखे फिरतात आणि फिरताना रेडिओ लहरी सोडतात. एखाद्या दीर्घिकेकडून अशा लहरी आल्या की तिथे क्षेत्र आहे, आणि लहरींच्या जोरावरून ते साधारण किती आहे, हे कळतं. दुसरी खूण मला जास्त आवडते. दुचाकी चालवणारे काही जण पोलरॉइड गॉगल घालतात. तो डोळ्यांसमोर तिरका केला की रस्त्यावरची चमक कमी-जास्त होते, कारण परावर्तित प्रकाशाची कंपनं मुख्यतः एकाच पातळीत असतात. याला ध्रुवण म्हणतात. मायकेल फॅरडे यांना १८४५ मध्ये असं दिसलं की चुंबकीय क्षेत्रातून जाताना ही पातळी हळूहळू वळते. अवकाशातल्या विद्युतभारित वायूतून येणाऱ्या रेडिओ लहरींचंही तेच होतं, आणि लांब लहरी आखूड लहरींपेक्षा जास्त वळतात. म्हणून वेगवेगळ्या लांबीच्या लहरी किती किती वळल्या हे ताडून पाहिलं की वाटेत किती क्षेत्र लागलं आणि त्याचं तोंड आपल्याकडे होतं की उलट, हे सांगता येतं. २०१० मध्ये आपसात आदळलेल्या दोन दीर्घिकासमूहांच्या कडेला साठ लाख प्रकाशवर्षांहून लांब अशी एक कमान सापडली. तिच्यातही काही मायक्रोगॉसचं क्षेत्र निघालं. त्या निरीक्षणांत खोडदच्या दुर्बिणीचा वाटा होता.

तर क्षेत्र सगळीकडे आहे. ते टिकतं कसं?

अवकाशातला बहुतेक वायू प्लाझ्मा असतो, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटलेले असतात आणि वीज त्यातून सहज वाहते. अशा पदार्थात चुंबकीय रेषा जणू गोठून बसतात. हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये हे मांडलं आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कणकेच्या गोळ्यात एक रंगीत दोरा ठेवून कणीक मळायला घ्या. कणीक जिकडे जाईल तिकडे दोरा जातो, ती ताणली की ताणला जातो, दुमडली की दुमडतो. फरक एवढाच की चुंबकीय रेषा तुटत नाहीत आणि जितक्या ताणाव्या तितकं क्षेत्र जोरदार होतं. ताणण्यासाठी लागलेलं बळ क्षेत्रात ऊर्जा म्हणून साठतं. कणीक मळताना हात भरून येतात, ते कष्टच इथे चुंबकत्व होतात.

हे घरी करून पाहण्यासारखं आहे. भाजीच्या पिशवीला लावायचं रबर घ्या. ते ताणून दुप्पट लांब करा, मध्ये पीळ देऊन इंग्रजी आठचा आकडा करा आणि एक वेढा दुसऱ्यावर दुमडा. पूर्वीइतकंच कडं झालं, पण आता त्यात रबराचे दोन पदर आहेत. पुन्हा तेच केलं की चार, मग आठ. ताणणं, पिळणं, दुमडणं हा डायनामोचा सगळ्यात सोपा नमुना सोव्हिएत शास्त्रज्ञ वाइनश्टाइन आणि झेल्डोविच यांनी १९७२ मध्ये सांगितला. तार नाही, ब्रश नाहीत, लोखंड नाही, तरीही तो डायनामोच. द्रवाच्या नुसत्या हालचालीने क्षेत्र उभं राहतं हे प्रत्यक्ष करून दाखवायला मात्र १९९९ साल उजाडलं. त्या नोव्हेंबरात लॅटव्हियातल्या रिगाजवळ वितळलेलं सोडियम पंख्याने जोरात फिरवत नेताना त्यात आपोआप क्षेत्र वाढू लागलं. पुढच्याच महिन्यात जर्मनीत कार्ल्सरूहला तेच दिसलं.

दीर्घिकेत हे मळणं दोन प्रकारे होतं. तिचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा लवकर फेरी पूर्ण करतो, त्यामुळे रेषा रिळावर सूत गुंडाळावं तशा गुंडाळल्या जातात. पण नुसत्या गुंडाळण्याने काम भागत नाही. थॉमस काउलिंग यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की अगदी नेटकी, अक्षाभोवती सारखी रचना असेल तर डायनामो टिकूच शकत नाही. त्याला विस्कटलेपण लागतं. ते येतं ताऱ्यांच्या स्फोटांनी वर फेकल्या जाणाऱ्या वायूतून. फिरत्या दीर्घिकेत वर उसळणारा प्रत्येक लोट स्वतःभोवती पीळ घेतो. अरबी समुद्रातली वादळं नेहमी एकाच दिशेने गरगरतात, त्यामागचं कारणही हेच. या पिळामुळे गुंडाळलेली रेषा उभी राहून पुन्हा नव्याने गुंडाळायला तयार होते. युजीन पार्कर यांनी १९५५ मध्ये ही मेख सूर्य आणि पृथ्वीसाठी उलगडली. पुढे तोच विचार दीर्घिकांना लावला गेला.

आणि इथे आपल्या पुण्याचं नाव येतं. कंदस्वामी सुब्रमण्यम यांनी पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, या विषयावर अनेक वर्षं काम केलं. अ‍ॅक्सेल ब्रांडेनबुर्ग यांच्यासोबत २००५ मध्ये त्यांनी लिहिलेला प्रदीर्घ आढावा जगभरात या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांच्या टेबलावर असतो. आयुका गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात आहे. आमच्या घरून औंध ओलांडलं की आलीच. सुब्रमण्यम यांनी ज्या अडचणीवर मेहनत घेतली ती सांगितलीच पाहिजे.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण माणसांबद्दल म्हणतो. प्लाझ्मातल्या चुंबकीय रेषांबद्दल ते शब्दशः खरं आहे. रेषांमध्ये एकूण पीळ किती आहे, ही राशी जवळजवळ कायम राहते. बागेला पाणी घालायचा पाइप घेऊन त्याची मोठी वेटोळी करायला लागा, पाइप स्वतःभोवती उलटा पीळ खाऊन आखडतो. दीर्घिकेच्या डायनामोचंही तसंच. मोठ्या पट्ट्यात एका दिशेने पीळ तयार झाला की लहान पट्ट्यात तितकाच उलटा पीळ साठतो, आणि साठलेला उलटा पीळ डायनामोचा गळा आवळतो. क्षेत्र पुरेसं वाढायच्या आधीच वाढ थांबते. १९९० च्या दशकात ही शंका एवढी मोठी झाली होती की दीर्घिकांमधलं क्षेत्र डायनामोने होतच नसावं, असं काही जण म्हणू लागले. सुटका सापडली ती पीळ बाहेर टाकण्यात. स्फोटांनी तापलेला वायू दीर्घिकेच्या तबकडीतून कारंज्यासारखा वर जातो आणि जाताना लहान पट्ट्यातला पीळ सोबत नेतो. शुकुरोव्ह, सोकोलोफ, सुब्रमण्यम आणि ब्रांडेनबुर्ग यांनी २००६ मध्ये हिशेब मांडून दाखवलं की अशा कारंज्यांमुळे डायनामो पुन्हा मोकळा होतो. दीर्घिका श्वास सोडते म्हणून तिचं चुंबकत्व वाढतं. या विषयात मला याहून सुंदर गोष्ट सापडलेली नाही.

वाढ थांबते कुठे? आमच्या जनरेटरचा काटा जसा एका जागी स्थिरावला, तसंच. क्षेत्र इतकं ताठ होतं की वायूला ते आणखी ताणता येत नाही. दीर्घिकेत ही वेळ काही मायक्रोगॉसला येते, आणि दुर्बिणींना दिसतंही तेवढंच.

आता बॅटरीच्या स्पर्शाकडे येऊ. शून्याला कितीही वेळा दुप्पट केलं तरी शून्यच. दीर्घिकांच्या आधी, महास्फोटानंतरच्या विश्वात, कोणी तरी दोन वायरी टेकवायला हव्या होत्या.

एक उत्तर लुडविग बीअरमान यांनी १९५० मध्ये दिलं. इलेक्ट्रॉन हलका, प्रोटॉन त्याच्या १,८३६ पट जड. वायूत एका बाजूला दाब जास्त असला की हलके इलेक्ट्रॉन आधी ढकलले जातात, प्रोटॉन मागे रेंगाळतात आणि दोघांत विद्युत क्षेत्र तयार होतं. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. पण समजा वायू एका दिशेने दाट होत गेला आहे आणि भलत्याच दिशेने गरम होत गेला आहे. मग हा विद्युत रेटा कुठेच समतोल होत नाही, तो गोल गोल प्रवाह चालवू लागतो आणि गोल प्रवाह म्हणजेच चुंबक. इथे आधीचं कोणतंही क्षेत्र लागत नाही. शून्यातून सुरुवात होते. म्हणून याला बीअरमान बॅटरी म्हणतात.

अशी आडवी-तिडवी परिस्थिती विश्वात कधी आली असेल, याचं एक नेमकं उत्तर १९९४ मध्ये महाराष्ट्रातून गेलं. सुब्रमण्यम यांच्यासोबत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डी. नरसिंह आणि शशिकुमार चित्रे होते. चित्रे सरांचं २०२१ मध्ये निधन झालं. सूर्याच्या अंतरंगापासून गुरुत्वीय भिंगांपर्यंत त्यांचं काम आहे आणि पद्मभूषणाने त्यांचा गौरव झाला. तिघांनी मांडलं ते असं : विश्वातल्या पहिल्या तेजस्वी ज्योती पेटल्या, तेव्हा त्यांच्या अतिनील प्रकाशाने भोवतालच्या थंड वायूतले इलेक्ट्रॉन सुटू लागले. गवताला लागलेल्या वणव्याची कड जशी पुढे सरकते, तशी या आयनीभवनाची कड पुढे सरकत गेली. कडेच्या मागे वायू तापलेला, पुढे थंड, म्हणजे तापमानाची चढण कडेला काटकोनात. पण वायू काही सारखा पसरलेला नव्हता, त्यात गाठी होत्या, आणि गाठींची दाटी कोणत्याही दिशेला असू शकते. दाटीची चढण एकीकडे, तापमानाची दुसरीकडे. बॅटरी चालू झाली. यातून मिळणारं क्षेत्र मात्र अतिशय क्षीण आहे : एका गॉसचे एकावर वीस शून्ये इतके तुकडे केले तर त्यातल्या दोन-चार तुकड्यांएवढं.

ते पुरेसं आहे का? इतक्या लहान क्षेत्रापासून मायक्रोगॉसपर्यंत जायला सुमारे ४७ वेळा दुप्पट व्हावं लागतं. आपला सूर्य आकाशगंगेभोवती एक फेरी सुमारे २२ कोटी वर्षांत घालतो. समजा दर फेरीला एकदा क्षेत्र दुप्पट झालं, तर हजार कोटींहून जास्त वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. आपल्या आकाशगंगेपुरतं कसंबसं जमतं. पण २०२३ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने अशा एका दीर्घिकेत सुव्यवस्थित चुंबकीय क्षेत्र पाहिलं, जिचा प्रकाश विश्व अवघं २५० कोटी वर्षांचं असताना निघाला होता. तेवढ्या वेळात फेऱ्या होणार दहा-अकरा.

मग घाई कोणी केली? खळबळीने. कझान्त्सेव्ह यांनी १९६७ मध्ये दाखवलं होतं की दीर्घिका फिरत नसली तरी नुसत्या गोंधळलेल्या भोवऱ्यांनीही रेषा ताणल्या-दुमडल्या जातात. ताऱ्यांच्या स्फोटांनी उठणारे भोवरे सुमारे तीनशे प्रकाशवर्षांचे असतात आणि सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने असा एक भोवरा एक कोटी वर्षांत वळसा पुरा करतो. लहान भोवरे त्याहून लवकर. या हिशेबाने ४७ वेळा दुप्पट होणं काही कोटी वर्षांत उरकतं. असं क्षेत्र आधी गुंतवळासारखं असतं, सगळ्या दिशांना विखुरलेलं. ते विंचरून सरळ करायचं सावकाश काम मग दीर्घिकेचं फिरणं करतं.

म्हणजे बीज लहान असलं तरी चालतं. समाधानाची बाब आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. काटा ठरलेल्या जागी पोहोचला की बॅटरी बारा व्होल्टची होती की सहाची, हे त्या काट्याकडे पाहून कोणीही सांगू शकत नाही. दीर्घिकेतल्या आजच्या क्षेत्राकडे पाहून त्याचं बीज ओळखणं तितकंच अशक्य आहे. इतकं मळल्यावर पहिल्या दोऱ्याचा रंग उरत नाही.

आपल्या पायाखालचा दगड याच्या अगदी उलट आहे. इथे नव्या इमारतीचा पाया खणताना ब्रेकर ज्या काळ्या पाषाणावर आठवडे घालवतात, तो दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीचं क्षेत्र धरून ठेवलं. या लाव्ह्याच्या मोठ्या भागात उत्तर आणि दक्षिण ध्रुव आजच्या उलट नोंदले गेले आहेत. तो दगड पुन्हा कोणी वितळवला नाही, म्हणून त्याची नोंद शाबूत राहिली.

विश्वातही अशी न मळलेली जागा शोधायला हवी. दीर्घिकासमूहांच्या मधे कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या पोकळ्या आहेत, जिथे जवळजवळ काहीच नाही. तिथे भोवरे नाहीत, डायनामो नाही. तिथे क्षेत्र असेल तर ते बरंचसं मूळचंच.

पण तिथे मोजायचं कसं? नेरोनोव्ह आणि वोव्क यांनी २०१० मध्ये एक वाट काढली. काही दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रातून प्रचंड ऊर्जेचे गॅमा किरण आपल्याकडे येतात. वाटेत ताऱ्यांच्या जुन्या प्रकाशाशी गाठ पडून त्यांचे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन होतात आणि हे कण पुढे कमी ऊर्जेचे गॅमा किरण निर्माण करतात. पोकळीत चुंबकीय क्षेत्र नसेल, तर हे दुय्यम किरण सरळ त्याच दिशेने येतील आणि २००८ पासून कक्षेत असलेल्या फर्मी दुर्बिणीला दिसतील. ते अपेक्षेइतके दिसले नाहीत. कोणी तरी त्या कणांना वाटेत वळवलं असावं. त्यासाठी किमान किती क्षेत्र लागेल याचा हिशेब निघाला तो एका गॉसचे एकावर सोळा शून्ये इतके भाग केल्यावर त्यातले सुमारे तीन भाग. बीअरमान बॅटरी देते त्याच्या सुमारे दहा हजार पट.

हा आकडा खरा असेल, तर पोकळ्यांमधलं क्षेत्र पहिल्या ज्योतींच्या कडांनी दिलेलं नाही. ते महास्फोटानंतरच्या पहिल्या क्षणांतून आलेलं असू शकतं. मायकेल टर्नर आणि लॉरेन्स विड्रो यांनी १९८८ मध्ये सुचवलं की विश्व अतिवेगाने फुगलं, त्या काळात सूक्ष्म क्षेत्रं ताणली जाऊन मोठी झाली असतील. मात्र त्यासाठी विद्युत-चुंबकत्वाच्या ओळखीच्या नियमांत काही बदल करावा लागतो, कारण साध्या नियमांनुसार विश्व दुप्पट पसरलं की क्षेत्र चौथ्या हिश्श्यावर येतं आणि उरत काही नाही. सुब्रमण्यम आणि दिल्ली विद्यापीठाचे टी. आर. शेषाद्री यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह अशा सिद्धान्तांतल्या अडचणींवरही बारकाईने काम केलं आहे. दुसरी शक्यता अशी की दीर्घिकांच्या कारंज्यांनीच आपलं क्षेत्र पोकळ्यांमध्ये फेकलं. आणि तिसरी म्हणजे ते कण चुंबकाने वळलेच नाहीत, वाटेतल्या विरळ प्लाझ्मात लाटा उठवून त्यांनी आपली ऊर्जा गमावली.

मला स्वतःला दीर्घिकांसाठी बीअरमान बॅटरी पटते. तिला न पाहिलेला कोणताही कण, न तपासलेला कोणताही नियम लागत नाही. हलका इलेक्ट्रॉन, जड प्रोटॉन आणि असमान तापलेला वायू, एवढ्यावर ती उभी आहे. पण विश्वाला पहिला स्पर्श तिचाच होता, असं म्हणायला मी पोकळ्यांचा निकाल लागेपर्यंत थांबेन. तो निकाल लागायला गॅमा किरणांच्या आणखी संवेदनशील दुर्बिणी लागतील आणि दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात उभी राहत असलेली स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे ही रेडिओ दुर्बीण लागेल. विश्वातल्या चुंबकत्वाचा उगम शोधणं हे तिच्या मुख्य उद्दिष्टांपैकी एक आहे. भारत त्या प्रकल्पात सहभागी आहे आणि भारताच्या बाजूचं काम एनसीआरए पाहतं.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण सर्वांना पाहण्यासाठी खुली असते. नाशिक फाट्यावरून चाकणला आपण रोज जातो. एक दिवस चाकणला न थांबता तसंच पुढे जा आणि मुलांना सोबत न्या. त्या तीस अँटेना चुंबकीय रेषांभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे संदेश टिपतात, हे तिथे उभं राहून त्यांना सांगा. आणि सोसायटीत जनरेटरचा मेकॅनिक आला तर त्यांना खाली बोलवा, लांबून का होईना, फ्लॅशिंग करताना पाहू द्या.